शिक्क्याचा कागद

कुंदा मॅडम आज सकाळी गेल्या आणि मी स्नान, पूजा, चहा सारे यथाक्रम उरकले.

पोथी उघडली. ओवीवर बोट ठेवले. तासाभराने पाहिले, बोट त्याच ओवीवर होते.

रडू आलेले नाही. आले असे लिहिणे असत्य ठरेल.

घाटंजीजवळच्या जिल्हा परिषद शाळेत मी मुख्याध्यापक होतो, त्या चौथीच्या वर्गशिक्षिका.

एका कापूस वेचणीच्या हंगामात चौथीतली सुमन शाळेत येईनाशी झाली. मी नियमानुसार तिच्या घरी नोटीस धाडली.

"आपल्या पाल्याचे नाव पटावरून कमी का करण्यात येऊ नये, याचा लेखी खुलासा सादर करावा."

खाली सही. सहीवर गोल शिक्का. भाषा निर्दोष होती. शब्द हेच ब्रह्म, अशी माझी श्रद्धा.

खुलासा आला नाही. नाव कमी करण्यासाठी मी पेन उचलले.

"थांबा सर," मॅडम म्हणाल्या. "त्या घरी वाचते कोन? चाला माह्यासंगं."

भर दुपारी शेतात पोहोचलो. सुमनची आई सोनाबाई ओटी बांधून कापूस वेचत होत्या. सुमन धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, धाकट्या बहिणीला मांडीवर घेऊन बसलेली.

मॅडमनी पदर खोचला आणि वेचायलाच लागल्या. मी उभा.

"सर, उभे नोका राहू. उभा मानूस मुकादम वाटते."

मीही वाकलो. बोंडांच्या टोकांनी बोटे सोलली.

सोनाबाई तोंडाला पदर लावून हसल्या. "गुर्जीले जमून नाही राह्यलं."

मग मॅडमनी सहज विचारले, "पोरगी काहून येत नाही वं?"

"धाकलीले पाहाले ठेवली होती दोन-चार दिवस. मंग कागद आला."

"वाचून घेतला काय कोनाकडून?"

"वाचाले कायले पाह्यजे? शिक्का होता न. म्हंजे काढूनच टाकलं."

माझी नोटीस घडीसुद्धा न मोडता घरच्या छपरात खोचून ठेवल्याचे त्यांनी सांगितले.

"नाव आहे," मी म्हणालो. एवढ्या पोथ्या वाचलेल्या माणसाला एवढेच सुचले.

"मंग धाकलीचं काय करू?"

मॅडम माझ्याकडे वळल्या. "धाकली माह्या वर्गात बसन, सर."

"नियमात बसत नाही, मॅडम."

"नियमात नसन बसत. सतरंजीवर बसते."

सोनाबाईंचे हात थांबले होते. सुमनही माझ्याकडेच पाहत होती.

मी हो म्हणालो.

दुसऱ्या दिवशी दोघी आल्या. धाकटी प्रार्थनेतच झोपली.

पुढे माझ्या निवृत्तीपर्यंत वेचणीच्या दिवसांतली पालकसभा धुऱ्यावर, जेवणाच्या सुट्टीत भरत असे. घरी नोटीस पुन्हा गेली नाही. मॅडम जात, कधी मी.

सुमन आता पांढरकवड्याकडे शिक्षिका आहे. मॅडम गेल्याचा सकाळचा फोन तिचाच होता.

तिने वार्ता सांगितली. मग म्हणाली, "सर, फेसबुकवर लिहान तर सोपं लिहा. मायले वाचून दाखवतो."

मी सोपे लिहीन म्हणालो. जमले नाही बहुधा.

सोनाबाई, वरचे सगळे राहू द्या. एवढे ऐका.

हा शिक्क्याचा कागद नाही.
आपल्या कुंदा मॅडम गेल्या.

मॅडम, माझा नमस्कार घ्या.