नीलम्माचा जिना

नीलम्मा पंचावन्नची, अंगानं भरलेली, आणि चालायचं नाव काढलं की कपाळाला आठ्या. डॉक्टरनं दोनदा सांगितलं, रक्तात साखर आहे, रोज तासभर चाला. ती त्याच्या तोंडावर म्हणाली, "चालायला मी काय टांग्याचं घोडं हाय?" आणि घरी येऊन कडक भाकरी, शेंगाचटणी खाऊन झोपली.

डॉक्टरला जमलं नाही ते धाकट्या जावेनं एका वाक्यात केलं.

नवी पेठेच्या मागच्या बोळात घर. खाली दोन खोल्यांत दीर मल्लप्पा, जाऊ दाक्षायणी आणि त्यांची चार पोरं. वर एकच खोली. नवरा गेला, लेक मंद्रूपला नांदायला गेली, तेव्हापासून ती नीलम्माची एकटीची. वर जायला चौदा पायऱ्यांचा उभा लाकडी जिना, धरायला एक दोर.

त्र्याहत्तर सालच्या श्रावणात तिचे गुडघे सुजले, तीन दिवस खालीच पडून होती. चौथ्या दिवशी दाक्षायणी भाकरी थापता थापता नवऱ्याला म्हणाली, पण ऐकवलं हिला, "अक्काचे पाय गेले की आता. वरची खोली मोकळीच हाय. थोरल्याचं लगीन काढा."

"पाय गेले, तोंड हाय माझं," नीलम्मा म्हणाली.

"तोंडानं जिना चढता व्हय, अक्का?"

झालं. नीलम्मा तशीच उठली आणि दर पायरीला एक शिवी देत वर गेली. मग रोजच. आधी दोनदा, मग पाचदा, दिवाळीपर्यंत वीसदा. मीठ राहिलं वर, तांब्या राहिला वर. खालून दाक्षायणी मोजायची आणि दात खायची. गंमत म्हणजे ती आठ दिवस अक्कलकोटला माहेरी गेली तर नीलम्मा एकदाही चढली नाही, खालीच लोळत पडली. रिक्षातून जाऊ उतरताना दिसली आणि हिच्या पायात परत बळ आलं.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी बघते तर दोर नाही.

"कुजला हुता. काढला," दाक्षायणी म्हणाली. मल्लप्पा पेपरात तोंड घालून बसला.

नीलम्मा हात टेकत चढायला लागली. नवव्या पायरीला गुडघ्यात अशी कळ आली की ती तिथंच बसली. दाक्षायणी लगेच जिन्याखाली आली. आवाजात नुसतं तूप.

"उतरा अक्का, धरते मी. खालीच अंथरूण घालते, कायमचं."

तो हात एकदा धरला की खोली गेली, हे नीलम्माला कळत होतं.

"सरक. पडले तर तुझ्याच अंगावर पडीन."

दाक्षायणी खरंच सरकली. नीलम्मानं उरलेल्या पाच पायऱ्या रांगत काढल्या, वर जाऊन श्वास घेतला, पदरानं तोंड पुसलं आणि भिंतीला धरून एकेक पायरी खाली आली. दाक्षायणीला वाटलं, आली ताळ्यावर.

"आता मोज," नीलम्मा म्हणाली, आणि परत पहिल्या पायरीवर पाय ठेवला.