रिसोडले न द्यायचं बोर्ड

त्या भादव्यात मी रोज सकाळी चहाचं आधण ठेवण्याआधी कपाटावरचा बिस्किटांचा खोका खाली काढायची. त्यातल्या बोर्डावर बोटाच्या पेराएवढी एक बॅटरी होती. तिला मीटरच्या दोन सुया लावायच्या, आकडा बघायचा. आकडा रोज थोडा उतरत होता.

"पेशंटचा ताप मोजून राह्यली काय?" नवरा विचारायचा.

"ताप उतरला तं बरं असते," मी म्हणायची. "हे उतरलं तं मरते."

आमचं वाशीमला इन्व्हर्टर-बॅटऱ्यांचं दुकान आहे. गिऱ्हाइकाशी गोड बोलायचं काम नवऱ्याचं, मीटर माझ्या हातात. त्यामुळे बॅटरी दिसली की मी मोजतेच, मग ती कोणाच्या का बापाची असेना. हीही मोजली नसती तर सुखात राहिले असते.

बोर्ड म्हणजे जुन्या व्हिडिओ गेमचं. टोकन टाकून उभ्यानं खेळायचे ते लाकडी डबे होते ना, त्या डब्यांच्या पोटात असायचं ते. मी लहान असताना पार्लरमध्ये पोरींनी पाय ठेवायचा नाही असा घरचा हुकूम होता. मी दाराशी उभी राहून पोरांच्या पाठी बघायची. त्याचा सूड म्हणा, आज माझ्या कपाटात साड्यांपेक्षा बोर्डं जास्त आहेत. सासूबाई त्यांना पाट्या म्हणतात.

अशी बोर्डं जमवणारे जिल्ह्यात आम्ही चार-पाच येडे आहोत. आमच्यात विकणं नाही, फिरवणं आहे. शेजारणीची वाटी आपण रिकामी परत करत नाही, तसंच हे. बोर्ड घेतलं की आपलं एक द्यायचं, आणि सणावारी भेट झाली की पुन्हा अदलाबदल. नियम दोनच. ज्याच्या घरी बोर्ड, त्याची जबाबदारी. आणि मालकाला विचारल्याशिवाय दुसऱ्याच्या बोर्डाला सोल्डर लावायचा नाही. या टोळक्यात मी एकटी बाई. माझ्या हातात पहिलं बोर्ड द्यायला या लोकांनी किती आढेवेढे घेतले होते ते मी विसरलेले नाही. एकदा शब्द मोडला असता तर पुन्हा कोणी माझ्या दारी बोर्ड घेऊन आलं नसतं.

आणि नेमकं हे बोर्ड साधं नव्हतं. कोणी नक्कल करू नये म्हणून बनवणाऱ्यांनी काही बोर्डांत गेमची किल्ली एका छोट्या मेमरीत ठेवली. ती मेमरी त्या बॅटरीवर जगते. बॅटरी मेली की किल्ली पुसली जाते आणि गेम कायमचा गेला. बॅटरी बदलता येते, नाही असं नाही. पण जुनी काढायच्या आधी नवी शेजारून जोडून घ्यावी लागते. मधे क्षणभर वीज तुटली किंवा तार भलतीकडे टेकली की रामनाम सत्य.

हे बोर्ड कारंज्याच्या एका कापडवाल्या भाऊंचं. त्यांच्या दुकानाच्या पुढच्या खोलीत कधीकाळी हाच गेम डब्यासकट उभा होता. दोन लढवय्ये शेजारी शेजारी चालतात आणि समोरून येईल त्याला झोडतात, असला गेम. ते आणि त्यांचा धाकटा भाऊ मिळून तो चालवायचे, आणि गिऱ्हाईक नसलं की मिळून खेळायचे. पुढं दुकानावरून फाटलं. वाटणी झाली. आणि वाटणीत या दोन शहाण्यांनी काय करावं? थोरल्यानं बोर्ड घेतलं, धाकट्यानं डबा घेतला. गाय एकाकडं, दावं दुसऱ्याकडं. धाकटा डबा घेऊन रिसोडला गेला आणि तिथं पंपाच्या मोटरी अन् स्टार्टर दुरुस्त करायचं दुकान टाकलं. तोही आमच्याच टोळक्यात आहे. दोघं माझ्याशी बोलतात, एकमेकांशी चकार शब्द नाही.

कारंजावाले भाऊ बोर्ड देताना दरवेळी एकच अट घालतात. "कुठंई लावा वहिनी, कोनालेई द्या. रिसोडले नाई."

आमच्याकडे आले की माझ्या घरच्या डब्यात बोर्ड लावून ते खेळतातसुद्धा, पण डावीकडेच उभे राहून. मी चुकून जॉयस्टिकच्या डाव्या दांड्याकडे गेले की कोपरानं सरकवतात. "तिकडं, वहिनी. ही माही बाजू." माझ्या घरात, माझ्या डब्यासमोर!

पर्युषण लागायच्या आदल्या दिवशी ते बोर्ड देऊन गेले. पर्युषणात ते मोबाईल बंद करून कपाटात ठेवतात आणि पर्व संपेपर्यंत मौन धरतात. ते गेले आणि माझ्या मीटरचा आकडा खाली यायला लागला.

मी त्यांच्या घरी फोन लावला. बाईंनी उचलला.

"भाऊले विचारा न, बॅटरी बदलू काय म्हून. नुसती मान हलवली तरी चालन."

"अवो, ते मंदिरात बसून हायेत," त्या हसायला लागल्या. "तुमच्या त्या पाटीसाठी मी त्याईचं मौन मोडू काय? पर्व झालं की बोला."

त्यांची काही चूक नव्हती. पण पर्व संपेपर्यंत ती बॅटरी तग धरेल का, हे कोण सांगणार? मला जेवण गोड लागेना. दुकानात गिऱ्हाईक विचारायचं एक, मी सांगायची दुसरं. मंडळाच्या स्पीकरनं भिंत हादरली की मला वाटायचं, झालं, आता तिकडे काही तरी सुटलं.

त्यात एका सकाळी खोका जागेवर नव्हता.

"आई, माहा खोका कुठं गेला?"

"उंदरं कुरतडतीन म्हून पाटी डब्यात ठेवली," सासूबाई म्हणाल्या. "चांगल्या स्टीलच्या."

मी किंचाळले. उघडं बोर्ड स्टीलवर ठेवलं की त्याचे सगळे सोल्डरचे टाके पत्र्याला टेकतात आणि बॅटरी आतल्या आत रिकामी होते. डबा उघडला तर बिचाऱ्यांनी बोर्ड एका जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून ठेवलं होतं, फक्त एक कोपरा बाहेर. मी मीटर लावला. जीव होता. पण आकडा एकदम घसरलेला. अजून थोडा उतरला की संपलं, हे मला दुकानातल्या अनुभवानं कळत होतं.

"मेली काय वो पाटी?" सासूबाईंनी घाबरून विचारलं.

"नाई मेली," मी म्हटलं आणि तिथंच फरशीवर बसून रडले. त्या माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. जसं माझ्या माहेरचं कोणी गेलं होतं.

मी स्वतःच्या बोर्डांना सोल्डर लावते. पण बॅटरीवर जगणाऱ्या किल्लीला मी कधी हात लावला नव्हता. असल्या बोर्डाची बॅटरी बदलण्यात हात बसलेला आमच्यात एकच माणूस, आणि तो रिसोडला. म्हणजे बोर्ड घरात ठेवून मरू दिलं तर मी शब्दाची पक्की. वाचवायला नेलं तर मी शब्द मोडणारी. मला तर असा राग आला होता त्या थोरल्याचा! देवाशी बोलायला मौन धरता, भावाशी न बोलायला काय धरलं होतं इतकी वर्षं?

नवरा म्हणाला, "त्याईचं बोर्ड हाये. मेलं तं त्याईचं मेलं."

"माह्या घरी मेलं तं माहं मेलं," मी म्हटलं आणि खोका मांडीवर घेऊन रिसोडच्या एसटीत बसले.

रस्त्यात खड्डा आला की मी खोका वर उचलायची. शेजारची बाई बघून बघून म्हणाली, "अंडी हायेत काय वो?"

"हो बाई, अंडीच."

"मंग इतक्या कायले घाबरता? फुटली तं दुसरी भेटतीन."

मला हसूही आलं नाही.

रिसोडवाले भाऊ दुकानात मोटर उघडून बसले होते. मागच्या भिंतीशी तो डबा होता, वर चादर टाकलेली, चादरीवर तांब्याच्या तारेची भेंडोळी. त्या डब्यात त्यांनी दुसरं कोणतंही बोर्ड कधी लावलं नाही. मी किती वेळा देऊ केलं, त्यांनी घेतलंच नाही.

मी खोका उघडला. त्यांनी पाहिलं आणि हातातला पाना खाली ठेवला.

"त्यानं पाठवलं?"

हो म्हणून टाकावं असं फार वाटलं. पण ते जमलं नाही. "नाई. त्याईले माहीतच नाई. बॅटरी मरून राह्यली, भाऊ."

"मंग वापस घेऊन जा." ते दुसरीकडे बघायला लागले. "त्याच्या चीजवस्तूले मी हात लावत नाई."

मी मीटर काढला, सुया लावल्या आणि आकडा त्यांच्या तोंडासमोर धरला. बोलले असते तर भांडले असते.

त्यांनी आकडा पाहिला. मग बोर्ड हातात घेऊन उलटं केलं आणि बॅटरीच्या टाक्यांवरून अंगठा फिरवला. "हा सोल्डर माहाच हाये," ते म्हणाले. "दोघं होतो तवाचा."

ते उठून हात धुऊन आले. मग म्हणाले, "वहिनी, आज उपास हाये माहा. नुसत्या पान्यावर हाव. हात हलला तं मले बोलू नोका."

अरे बाप्पा! हे आत्ता सांगतात? मी नवी बॅटरी आणि दोन तारा धरून बसले. त्यांनी आधी त्या तारा शेजारून जोडल्या. सोल्डरिंग तापवलं की त्याची वीज बोर्डात उतरू नये म्हणून प्लग काढायचे, टाका द्यायचे, पुन्हा तापवायचे. त्यांच्या कपाळावरचा घाम बोर्डावर पडू नये म्हणून मी मधेच पदरानं त्यांचं कपाळ पुसलं. दोघांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही. जुनी बॅटरी सुटून टेबलावर पडली तेव्हा मी डोळे मिटले होते.

"मेलं असन तं आता कळनच," ते म्हणाले आणि त्यांनी डब्यावरची चादर ओढली.

बोर्ड आत गेलं. पडदा बराच वेळ नुसता काळा राहिला. मी मनातल्या मनात कारंज्याला काय सांगायचं ते जुळवायला लागले. मग आवाज आला, तोच, मी दाराशी उभी राहून ऐकायची तसला, आणि पडद्यावर ते दोन लढवय्ये उभे राहिले.

भाऊ उजव्या दांड्याशी उभे राहिले. मी म्हटलं, डावाही तपासून घेऊ, आणि पुढं झाले. त्यांनी न बघता मला कोपरानं बाजूला केलं. एकटेच खेळले, फार वाईट खेळले, आणि लगेच हरले. मग त्यांनी बोर्ड काढून खोक्यात ठेवलं आणि माझ्या हातात दिलं.

"त्याले सांगू नोका."

बोर्ड वाचलं, पण माझी झोप काही परत आली नाही. पर्युषण संपलं की दुसऱ्या दिवशी क्षमावाणी. त्या दिवशी हे लोक साऱ्या जगाची माफी मागतात, कळत-नकळत दुखावलं असेल म्हणून. दोन्ही भावांचे मला दरवर्षी फोन येतात. दरवर्षी फोन ठेवल्यावर मला वाटतं, अरे, माझी काय मागता माफी? एकमेकांची मागा!

या वर्षी सकाळीच कारंज्याचा फोन आला.

"उत्तम क्षमा, वहिनी. काई चुकलं असन तं—"

"भाऊ, आधी माहं आयका," मी म्हटलं आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. बॅटरी, स्टीलचा डबा, एसटी, रिसोड.

"मी काय सांगतलं होतं?"

"रिसोडले नाई."

"मंग?"

"मंग ते मेलं असतं न!" माझा तोल गेला. "तुमी बसले मौन धरून, अन् ते माह्या घरी रोज मरत होतं. नोका देऊ पुन्हा बोर्ड. नाई पायजे मले. पण ते जितं हाये!"

त्यांचा आवाज खाली आला. "चाललं?"

"चाललं."

"तो खेळला?"

"खेळला."

"कोन्त्या बाजूनं?"

"उजव्या. मी डावीकडं उभी राहून राह्यली होती, त्याईनं राहू देलं नाई. कोपर मारलं."

फोन कट झाला. माफीचं वाक्य अर्धंच राहिलं होतं.

संपलं, मी म्हटलं. गेला माणूस. थोड्या वेळानं धीर करून परत लावला, तर ते दुसऱ्या फोनवर. रिसोडला लावला, तेही दुसऱ्या फोनवर. त्याचा अर्थ तरी काय लावायचा? क्षमावाणीला दोघांचेही फोन दिवसभर गुंतलेलेच असतात. मी दुकानात जाऊन बसले आणि एका गिऱ्हाइकावर उगाच खेकसले.

दुपारी रिसोडचा फोन आला.

"वहिनी, ते बोर्ड घेऊन येता काय? आजच."

"काहून? काई झालं काय?"

"झालं काई नाई. कारंज्याहून फोन आलता." मागं पाना आपटल्याचा आवाज आला. "डावा दांडा लय वर्साचा जाम होता. तेल घालून राह्यलो."

मी नवऱ्याला दुकान बघायला सांगितलं आणि खोका काढला. निघण्याआधी बॅटरीला पुन्हा एकदा मीटर लावला. आकडा भक्कम होता, तरी दोनदा बघितला.