नर्मदेकडे पाठ

गंगेत स्नान करावे लागते. नर्मदेच्या मात्र नुसत्या दर्शनाने जन्मोजन्मीची पापे धुऊन निघतात. जबलपुरात हे लहान मुलालाही ठाऊक असते. ग्वारीघाटावर रोज हजारो लोक दर्शन घेतात. शहराच्या वागण्यात त्याचा फरक मला इतक्या वर्षांत दिसलेला नाही. या गोष्टीवर अक्षरशः विश्वास ठेवणारा एकच माणूस मला भेटला. तो घाटावर नदीकडे पाठ करून बसायचा.

त्यांना आम्ही पेशकारकाका म्हणायचो. एका लहानशा कोर्टात न्यायाधीशांच्या शेजारी बसून फायली पुढे करायच्या आणि तारखा द्यायच्या, हे काम त्यांनी निवृत्तीपर्यंत केले. आम्ही शेजारी; मी कॉलेजात शिकवायचो. दर अमावस्येला काकूंना स्नानाला न्यायचे, आणि गाडी माझी असल्यामुळे नास्तिक असूनही मला अमावस्या चुकत नसे. काकू पाण्यात उतरल्या की काका पायरीवर बसायचे, तोंड प्रसादाच्या दुकानांकडे.

काकू ओल्या पातळाने वर येत आणि म्हणत, "अहो, आता तरी तोंड फिरवा तिकडं. लोक पाहून राहिले."

"पाहू दे."

"मैयाकडे पाठ करून बसलेला माणूस मी नाही पाहिला बाई कुठं!"

"आता पाहिला ना? चलो."

एकदा घाटावरच्या पंड्याने विचारले, "बाबूजी, मैया से नाराज हैं क्या?" काका शांतपणे म्हणाले, "नहीं महाराज. डर है, माफ कर देगी."

नागपूरला जाताना बस नर्मदेवरच्या तिलवाऱ्याच्या पुलावर आली की ते डोळे मिटून घेत. बाकीचे प्रवासी हात जोडत असत, त्यामुळे त्यांनाही कुणीतरी मोठा भक्तच समजे. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर एका महिन्याला नर्मदेचे चित्र होते. तो महिना काकांनी तारखेशिवाय काढला.

मी एकदा सरळ विचारले, "काका, हे काहून?" देवाला न मानणाऱ्या माणसाला सांगणे त्यांना सोपे गेले असावे. गोष्ट जुनी, नोकरीतली. दिवाळीच्या सुटीआधीची शेवटची दुपार. जबलपूरजवळच्या पाटणच्या एका सायकल दुरुस्त करणाऱ्याचा जामीन मंजूर झाला होता. सुटकेचा कागद त्याच दिवशी जेलमध्ये पाठवायचा होता. काकांना नागपूरची बस गाठायची होती. कागद टेबलाच्या खणात राहिला, विसरून नव्हे, उद्यावर टाकून. आणि उद्यापासून नऊ दिवस कोर्ट बंद. त्या नऊ दिवसांत त्या माणसाची आई गेली. चितेला अग्नी पुतण्याने दिला.

"कुणी विचारलं नाही तुम्हाला?"

"कोण विचारीन? सुट्या होत्या ना जी. उलट तोच आला सुटल्यावर, पेढे घेऊन. म्हणे, बाबूजी, आपकी कृपा. आणि मी पेढा खाल्ला, प्रोफेसर."

शहरात बड्या फुहाऱ्याच्या चौकाजवळ दरवर्षी कथेचा मंडप पडतो. महाराज नरकाचे असे रसाळ वर्णन करतात की लोक पुढच्या रांगेसाठी धडपडतात. त्या गर्दीत देवाच्या निवाड्याला घाबरणारा मला कुणी दिसला नाही. काका तिथे कधी गेले नाहीत. त्यांचे म्हणणे एवढेच: "सुनावणीच झाली नाही आणि सुटलो? असं कुठं असतं?"

मी त्यांना म्हणालो, देवाचे राहू द्या, त्या माणसाला जाऊन सांगा. सहा महिने त्यांनी टाळले, मग एका सकाळी स्वतःच गाडीत येऊन बसले. पाटणला दुकान सापडले. तो माणूस आता म्हातारा झाला होता. त्याने आम्हाला स्टुलावर बसवले, सगळे ऐकले, हातातला पाना बराच वेळ पुसत राहिला. मग म्हणाला, "छोड़िए बाबूजी. मैया की यही मर्जी थी." आणि चहा सांगितला.

परतताना काका खटला हरलेल्या माणसासारखे बसले होते. पुष्कळ वेळाने म्हणाले, "त्यानंही सोडून दिलं."

गेल्या हिवाळ्यात ते दवाखान्यात होते तेव्हा मी विचारले, भीती वाटते का. "निकालाची नाही," ते म्हणाले. "निकालच लागला नाही तर, त्याची." एरवी मी देवाकडे काही मागत नाही. त्या संध्याकाळी जिना उतरताना, देव असलाच तर त्याने या माणसाचे प्रकरण एकदा ऐकून घ्यावे, असे मला वाटले.

ते गेल्यावर उशीखाली चिठ्ठी निघाली, अर्जासारख्या कोरड्या भाषेत: अस्थी नर्मदेत सोडू नयेत. दुसरी कोणतीही नदी चालेल.

काकूंनी ती दोनदा वाचली आणि घडी घातली. "हिरनमध्ये सोडू," त्या म्हणाल्या. त्यांचे माहेर सिहोऱ्याचे. हिरन नदी तिथून जवळच. पोरीबाळींबरोबर त्या तिथेच पोहायला शिकल्या होत्या. मी गाडी काढली. काकूंनी कुणाला हात लावू दिला नाही, स्वतः कमरेइतक्या पाण्यात गेल्या आणि मडके सोडले. ते वळणापलीकडे जाईपर्यंत त्या पाहत राहिल्या. "झालं मनासारखं," त्या नदीला म्हणाल्या, की काकांना, मला कळले नाही.

हिरन पाटणच्या बाजूने पुढे जाते आणि नर्मदेला मिळते. सिहोऱ्यात हे लहान मुलालाही ठाऊक असते.