कंपनीचा मूळ अर्थ

माझी नोकरी पक्की व्हायची होती आणि माझे वडील इंग्रजीचे निवृत्त शिक्षक होते. देवानं या दोन गोष्टी एका घरात घालायला नको होत्या.

तेव्हा खासगी कंपन्यांचं नुसतं पेव फुटलं होतं. आबिड्समधल्या अशाच एका नव्या कंपनीत मी प्रोबेशनवर चिकटलो होतो. (बाबांच्या मते सरकारी नसलेली नोकरी म्हणजे सुट्टीतला उद्योग.) सोमवारी निकाल लागणार, म्हणून आईनं शनिवारी संध्याकाळी माझ्या साहेबांना, रावसाहेबांना, बरकतपुऱ्यातल्या आमच्या घरी जेवायला बोलवायला लावलं. "तेलुगू माणूस, भाताशिवाय पोट भरायचं नाही त्याचं," म्हणत तिनं चिंचेचा भात, लिंबाचा भात, दहीभात असे डोंगर रचले. पोळ्यांना त्या दिवशी सुट्टी होती.

साहेब टेकतात न टेकतात तोच बाबांनी त्यांना 'कंपनी' हा शब्द कुठून आला ते विचारलं. साहेबांना अर्थातच माहीत नव्हतं. मग अर्धा तास लॅटिन! 'कॉम' म्हणजे सोबत, 'पानिस' म्हणजे पाव, म्हणजे आपली रोटी. एकत्र बसून रोटी खातात ती कंपनी. "आज तुम्ही आमच्याकडे रोटी खाणार," बाबांनी समारोप केला, "म्हणजे आमच्या मुलाला तुम्ही काढूच शकत नाही." धरणीनं पोटात घ्यावं असं मला झालं.

ताटं मांडली. भाताकडे बघून साहेब ओशाळले.

"सॉरी अम्मा. शनिवार का व्रत है ना, रात को चावल नहीं खाता मैं. दो चपाती बस है."

आई कणीक मळायला धावली, तर त्या भातांनी गॅसचा सिलिंडर रिकामा केलेला. मी पळत जाऊन काचीगुड्याच्या बेकरीतून स्लाइस ब्रेड आणला. साहेब तो आमटीत बुडवून खात राहिले. घासागणिक माझी नोकरी आमटीत विरघळताना मला दिसत होती.

"वा," बाबा म्हणाले, "पोळीपेक्षा हे मूळ अर्थाला जास्त धरून आहे."

सोमवारी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं.

"तुमारे फादर क्या इंग्लिश बोलते! अपने पोट्टों को दो लाइन बोलना नै आता. उनकू भेजो इधर, सिखाने."

"और मेरा, सर?"

"तुमारा छे महिने और देखते."

बाबा पहिल्याच दिवशी पर्मनंट झाले. मी त्यांना रोज स्कूटरवर बसवून न्यायचो. पुढं साहेबांनी मलाही बाबांच्या वर्गात घातलं आणि माझं पक्कं होणं त्यांच्या परीक्षेवर ठेवलं. बाबांनी मला नापास केलं.