साडूंचा नेम

माझ्या थोरल्या साडूंइतका आवाजाला भिणारा माणूस उभ्या माण तालुक्यात झाला नाही, आणि त्यांच्याइतका चिवटही झाला नाही. एवढा भित्रेपणा आणि एवढा चिवटपणा एकाच खाकी कोटात कसा मावला होता, हे मला त्यांच्या शेजारी इतकी वर्षं काढूनही कळलं नाही. दुसऱ्या मोठ्या लढाईच्या त्या दिवसांत ते दहिवडीला गुरांचे डॉक्टर होते आणि मी तिथल्या शाळेत मास्तर. आमच्या बायका सख्ख्या बहिणी. त्यामुळे दोन्ही घरांची मधली भिंत एक होती आणि कालवण तर बहुतेक वेळा एकाच चुलीवरचं असे. दिवाळी आली की गावातली पोरं फटाके काढत आणि डॉक्टर मुक्कामाला रानात, मेंढरांच्या वाघरात, जाळीच्या कुंपणात जात. भिंतीवरून मांजरानं भांडं पाडलं तरी त्यांच्या हातातला चहा कोटावर यायचा. त्यांच्या लग्नात शेवटचं मंगलाष्टक संपताच कुण्या हौशी पाव्हण्यानं ठासणीच्या बंदुकीचा बार काढला, तेव्हा नवरदेवानं दचकून हातातला हार भटजींच्याच गळ्यात घातला, असं त्यांची बायको, आमची अक्का, शपथेवर सांगायची. डॉक्टर ते कधी नाकारत नसत. "भटजी जवळ होते," एवढंच म्हणत.

त्यांचे वडील मेंढरं राखणारे. लहानपण सगळं कळपामागं गेलेलं. "माणसांशी बोलायला मी फार उशिरा शिकलो, मास्तर," असं ते मला म्हणाले होते, आणि ते खरंच असावं. कारण दवाखान्यात जनावरांना ते अहो-जाहो करत आणि मालकांना अरे-तुरे. "या बैलराव, जरा जीभ दाखवता का?" असं म्हणून ते बैलाच्या तोंडात हात घालत आणि मालकाकडं वळून खेकसत, "तू लांब हो रं, त्यांना वारा लागू दे." सुई टोचण्याआधी म्हशीची परवानगी विचारत. म्हशीनं कान हलवला की ती मिळाली असं धरत. नाही हलवला तर हलवीपर्यंत थांबत. रांग उन्हात ताटकळायची, पण कुणी दुसऱ्या तालुक्याला जात नसे. त्यांचा हात जनावराच्या अंगाला लागला की थरथरणारं जनावर उभ्या जागी शांत होई.

तोच हात एका उन्हाळ्यात त्यांना दगा देऊन गेला. दवाखान्याच्या कपाटात, फडक्यात गुंडाळलेलं एक रिव्हॉल्व्हर होतं. पिसाळलेली कुत्री आणि पाय मोडलेली घोडी यांच्यासाठी खात्यानं दिलेलं. मेंढरं घेऊन निघालेल्या एका म्हाताऱ्या धनगराची घोडी, पाठीवर सगळा संसार असताना, खडकाळ उतारावर घसरली आणि पुढच्या पायाचं हाड कातडी फाडून बाहेर आलं. घोड्याचा असा पाय सांधत नाही. डॉक्टरांनी तिची माफी मागितली, नळी तिच्या कपाळाकडं धरली, डोळे घट्ट मिटले आणि चाप ओढला. गोळी जबड्यात गेली. दुसरी मातीत. तिसरीनं काम झालं, पण तोवर ती घोडी जे ओरडली, ते मीही ऐकलं. म्हातारा बराच वेळ भांडी गोळा करत राहिला आणि जाताना म्हणाला, "डाक्टर, लय हाल झालं गा तिचं." शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

घरी आल्यावर डॉक्टरांनी ताट सरकवलं. "एक तर हे नीट शिकेन, नाही तर राजीनामा देईन."

अक्कानं ताट परत पुढं सारलं. "राजीनामा दिल्यावर घोड्यांचं पाय मोडायचं थांबणार हाय का? जेवा, आन् मग शिका."

आणि डॉक्टर शिकायला लागले. आधी त्यांनी मुळावरच घाव घालायचं ठरवलं, म्हणजे आवाजावर. रोज संध्याकाळी ते बाजारातल्या सोडावाल्याकडं जाऊन बसत आणि गोटीच्या बाटल्या स्वतःच्या कानाशी फोडायला लावत. फट्ट झालं की टुणकन उडत, पुन्हा बसत, पुन्हा "फोड" म्हणत. फोडलेली बाटली टाकून द्यायला त्यांचं मन घेईना, म्हणून ती ते पीत. पंधरवड्यात त्यांचं पोट नगाऱ्यासारखं झालं आणि सोडावाल्यानं टपरीला नवा रंग दिला. उडणं काही कमी झालं नाही.

मग त्यांनी पोलीस लाइनीतल्या जमादाराला गुरू केलं. गावाबाहेर कोरड्या ओढ्याच्या दरडीशी फुटकं गाडगं ठेवलं जाई. जमादार सांगायचा ते खरं होतं. नळीच्या टोकावर जो छोटा उंचवटा असतो, त्याला तो माशी म्हणे. "माशी बघायची, सायेब. गाडगं धुरकट दिसंना का, माशी लख्ख दिसली पायजे!" पण तो हे इतक्या मोठ्यानं सांगे, की डॉक्टर गोळी सुटण्याआधी जमादारालाच दचकत. गाडगं दिवाळीपर्यंत तसंच राहिलं असतं. शिवाय लढाईमुळं काडतुसं मिळेनात. शेवटी जमादारानं हात जोडले. "सायेब, तुमाला सुई-दोराच बरा."

खरं कोडं सोडवलं अक्कानं. आमचे सासरे फौजेत हवालदार होते. त्यांच्या दोन्ही मुलींनी लहानपणी घरची बंदूक पुसली होती. एके दिवशी अक्का ओढ्यावर आली आणि म्हणाली, "तुमी पाठ करून हुबं ऱ्हावा. भरून मी देते." तिनं भरून दिलं. डॉक्टरांनी नेम धरला, डोळे मिटले, बोट ओढलं. बारच झाला नाही. खट्ट! पण तेवढ्यात डॉक्टरांचे खांदे कानाला लागले होते आणि नळी खाली जाऊन त्यांच्याच बुटाकडं बघत होती. अक्कानं रिव्हॉल्व्हरच्या काही घरांत उडवलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या घातल्या होत्या.

"आवं," अक्का पदर तोंडाला लावून म्हणाली, "आत गोळीच न्हाई! मग दचकला कुणाला?"

बाजूला उभा मी हसलो. डॉक्टर हसले नाहीत. ते हातातल्या नळीकडं बघत राहिले आणि म्हणाले, "म्हणजे धक्का बसायच्या आधीच मी तिला खाली दाबतोय. आवाज नंतरचा. दोष माझ्या बोटात आहे." अवघड रोगाचं निदान झाल्यावर दिसायचा तो आनंद त्यांच्या तोंडावर होता. "बोटाला औषध आहे, मास्तर. कानाला नव्हतं."

औषध त्यांना दुसऱ्या दिवशी गोठ्यात सापडलं. म्हैस पिळता पिळता ते अक्काला एकदम ओरडून म्हणाले, "अगं, सडाला कुणी हिसका देतं का? लाथ बसंल!" तेव्हापासून त्यांनी चाप ओढणं सोडलं आणि पिळणं धरलं. हळूहळू, एका दाबानं, गोळी कधी सुटेल हे आपल्याला ठाऊकच नाही अशा बेतानं. काडतूस नसेल तेव्हा रिकामं रिव्हॉल्व्हर घेऊन ते सकाळी दवाखान्याच्या मागच्या पडवीत भिंतीकडं तोंड करून उभे राहत. नळीवर एक ढब्बू पैसा ठेवत आणि तो न पाडता खट्ट करत. पैसा पडायचा, ते वाकून उचलायचे, पुन्हा ठेवायचे. कुणी शेतकरी बकरी घेऊन मागल्या दारानं आला तर घाबरून म्हणे, "डाक्टर, तिला औषध घ्यायला आनलीया हो, गोळी न्हाई घालायची!" डॉक्टर न वळता म्हणत, "तिला बसव. तुझ्याशी नंतर बोलतो." पावसाळा गेला, ज्वारी निसवली, तरी खट्ट चालूच होतं. हळूहळू पैसा पडायचा थांबला. ओढ्यावर अक्का आता पुंगळ्या कशाही मिसळून देई आणि आत काही नसलं तरी नळी जागची हलत नसे. एके दिवशी गाडगं फुटलं. अक्कानं दुसरं ठेवलं, तेही फुटलं. "आता घरातली ठिवू का?" ती म्हणाली, पण डोळे तिचे भरले होते.

परीक्षा थंडीत आली. फलटणकडून येणाऱ्या एका टांग्याचा घोडा रस्त्यावरच्या मोरीच्या, बुटक्या पुलाच्या कडेवरून खाली ओघळीत पडला. उतारू बचावले. मी आणि डॉक्टर पोचलो तेव्हा घोड्याची कंबर मोडलेली होती आणि तो पुढच्या पायांनी दगड तुडवत होता. जवळ जाणाऱ्याचं डोकं फुटलं असतं. टांगेवाला मोरीवर बसून होता. डॉक्टरांनी खाली उतरून नुसतं बघितलं आणि नाही म्हणून मान हलवली. टांगेवाला उठला. "लहान शिंगरू होता तवा आनला होता," तो म्हणाला. "तेवढं एका गोळीत करा, डाक्टर."

डॉक्टर ओघळीत, घोड्याच्या समोर, खुरांच्या टप्प्याबाहेर उभे राहिले. "अहो, जरा ऐका," ते त्याला म्हणाले. "इकडं बघा. झालंच आता." तोच त्यांचा दवाखान्यातला आवाज. घोड्यानं एक क्षण मान वर धरली. मी डोळे मिटले. बार एकदाच झाला. उघडून बघतो तर घोडा निपचित होता आणि डॉक्टर हात तसाच पुढं धरून उभे होते. खांदे जागच्या जागी.

वर आल्यावर ते मोरीच्या कठड्यावर बसले. मी शाबासकी द्यायला गेलो, पण त्यांचा चेहरा बघून नुसता शेजारी टेकलो.

"त्यानं माझ्याकडं बघितलं, मास्तर," ते म्हणाले. "घोडीच्या वेळी डोळे मिटले होते, म्हणून दिसलं नव्हतं."

"मग आता?" मी विचारलं.

"आता काय. पुन्हा बोलावणं आलं की पुन्हा बघायचं."

आणि तसं त्यांनी पुढं बरीच वर्षं केलं. नंतर त्यांची बदली सांगलीकडं, नदीकाठच्या उसाच्या मुलखात झाली. आमच्या भेटी लग्नाकार्यापुरत्या उरल्या. आता ते नाहीत. अक्का मिरजेला मुलाकडं असते. गेलो की ती त्यांचेच किस्से सांगते, आम्ही दोघं हसतो आणि हसता हसता थांबतो. मला मात्र त्यांची आठवण आली की ती संध्याकाळ दिसते. टांगेवाल्यानं घोड्याच्या अंगावरचा साज सोडून खांद्यावर घेतला होता आणि गावाकडं चालताना त्यातली घुंगरं पावलागणिक वाजत होती. ते त्याला सोसेना. तो दर थोड्या वेळानं थांबायचा. डॉक्टरांनी तो साज त्याच्या खांद्यावरून उतरवून आपल्या खांद्यावर घेतला, घुंगरं मुठीत गच्च धरली आणि त्याच्या बरोबरीनं चालू लागले.