वैजूची गाणी

वैजूच्या नवऱ्याचा, विलासभाऊंचा फोन आला तेव्हा मी पहिलीच्या वर्गात फळ्यावर ‘ळ’ काढत होते. वर्गात असताना मी फोन घेत नाही, पण त्या दिवसांत घ्यायचे. पलीकडून ते एवढंच म्हणाले, “सावेबाई, वैजू गेली... सकाळी.” मी “बरं” म्हणाले. का म्हणाले कुणास ठाऊक! मग ‘ळ’ची राहिलेली गाठ पूर्ण केली, मुलांना पाच वेळा गिरवायला सांगितलं आणि शेजारच्या वर्गाच्या दाराशी जाऊन उभी राहिले. तो वर्ग दुसरीचा, म्हणजे तिचा. अडीच महिन्यांपासून तिथे बदली शिक्षिका होत्या. त्या माझ्याकडे बघून हसल्या.

वैजयंती पाटील आणि मी एकाच शाळेत सोळा वर्षं शिकवलं. डहाणू स्टेशनच्या पूर्वेकडून सकाळी शेअरची इको गाडी भरली की मधल्या सीटवर आम्ही दोघी, आमच्या मांडीवर कुणाचं तरी पोर आणि पायाशी कुणाची तरी भाजीची टोपली, असे गंजाडला शाळेत जायचो. वैजूची मुलगी सुट्टीत घरी आली की तिला ते अंतराळातल्या लढायांचे सिनेमे दाखवायची. त्यांचे भागावर भाग होते, सगळे हिंदीत डब केलेले. दुसऱ्या दिवशी गाडीत वैजूचं सुरू व्हायचं. “अगं, केवढी ती तबकडी! अख्खं डहाणू मावेल आत. पण सहा भाग झाले, एकानेही डबा उघडला नाही. जेवतात कधी गं ही माणसं?” ड्रायव्हरसकट सगळी गाडी हसायची. कोण कोणाशी का भांडतंय ते तिला शेवटपर्यंत कळलं नाही. तिच्या मते ते सगळे उपाशी होते, म्हणून चिडलेले होते.

त्या चिंतेतूनच तिची गाणी निघाली. चाल आपल्याकडची, माणसं अंतराळातली. गंजणाऱ्या यंत्रमानवासाठी तिने पाळणा रचला होता:

जो जो रे यंत्रमानवा, जो जो,
गुडघ्यात तेल घालू का, जो जो,
उद्या लढाई ताऱ्यांच्या पल्याड,
डब्यात भाकरी देऊ का, जो जो...

अंतराळातल्या राजाच्या लग्नाची मंगलाष्टकं तर तिने एका दमात, शिक्षक परिषदेच्या जेवणाच्या रांगेत उभ्या उभ्या केली होती. ‘आले सैन्य नभातुनी धडधडा, याने किती थांबली, राजा शोधत हिंडला चपलही, वेळा पुढे लांबली...’ आणि वरच्या पट्टीत ‘सावधान’ म्हणताना ती अशी काही मान उडवायची की आमच्या मुख्याध्यापकांच्या हातातलं ताट एकदा खरोखर कलंडलं.

स्नेहसंमेलनात तिने दुसरीच्या मुलांकडून हे सगळं बसवून घेतलं. चिकूच्या रिकाम्या पेट्यांचं यान केलं आणि विवळवेढ्याच्या जत्रेतून आणलेले चमकीचे मुकुट सैनिकांच्या डोक्यावर घातले. ज्या मुली वर्षभर वर्गात ‘हजर’ एवढाच शब्द बोलल्या होत्या त्या गळा काढून पाळणा म्हणत होत्या. त्यांच्या आया पुढे बसून पदरात हसत होत्या. केंद्रप्रमुखांनी नंतर कपाळाला आठ्या घालून विचारलं, “बाई, यात शैक्षणिक काय आहे?” वैजू म्हणाली, “साहेब, एकाला उठवा आणि ग्रहांची नावं विचारा.” त्यांनी विचारली. पोराने चालीवर आठही सांगितली. साहेब जाताना जीपमध्ये काहीतरी गुणगुणत होते, असं आमचा शिपाई शपथेवर सांगायचा.

ती पडली ते वर्गातच. वजाबाकी शिकवता शिकवता खडू हातातून गळला, तो उचलायला वाकली ती उठलीच नाही. गावातल्या एकाच्या गाडीतून आम्ही तिला डहाणूला आणि तिथून वापीच्या इस्पितळात नेलं. चार दिवसांनी डोळे नीट उघडले. उजवा हात-पाय गेला होता आणि बोलणं गेलं होतं. डॉक्टर म्हणाले, मेंदूला झटका आलाय, तिला सगळं समजतं, फक्त शब्द सापडत नाहीत. सहाव्या दिवशी मी पलंगाशी बसले होते. परिचारिकेने विचारलं, “मावशी, पाणी देऊ?” वैजूने तोंड उघडलं, ओठ जुळवले, कपाळावरची शीर फुगली आणि तिच्या तोंडून स्वच्छ, सुरात बाहेर पडलं, “जो जो रे यंत्रमानवा...”

वॉर्ड हसला. आधी हसले ती मीच. मला वाटलं, आली आपली वैजू परत! मी टाळ्यासुद्धा वाजवल्या. मग तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. ती हसत नव्हती. जे बाहेर पडलं ते तिने आमच्याबरोबरच ऐकलं होतं. तिने पुन्हा तोंड उघडलं, पुन्हा तेच आलं. तिसऱ्यांदा तिने डावा हात स्वतःच्याच तोंडावर घट्ट दाबून धरला.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं की असं होतं काही जणांचं. बोलण्याची वाट बंद होते, गाण्याची उघडी राहते. रोज सराव करा, थोडं थोडं येईल. आम्ही केला. विलासभाऊंनी रेल्वेतून रजा काढली, तिला घरी आणलं, पाणी, जेवण, संडास, पंखा अशी चित्रं काढून पुठ्ठ्यावर चिकटवली. दोन दिवस तिने बोटाने दाखवलं, तिसऱ्या दिवशी तो पुठ्ठा भिंतीवर भिरकावला. तिला पाणी आणि पंख्याच्या पलीकडचं काही सांगायचं असेल, तर त्याचं चित्र कुठे होतं आमच्याकडे! मग आम्ही गाण्यांचे अर्थ लावू लागलो. पाळणा म्हटला की भूक असेल, मंगलाष्टक म्हटलं की राग असेल. एक दिवस ते जुळायचं, दुसऱ्या दिवशी मोडायचं. मुलगी फोनवर “आई, बोल ना” म्हणायची आणि इकडून राजाच्या लग्नाचं वऱ्हाड निघायचं. भेटायला येणारे लोक “छान, मूड चांगला दिसतोय” म्हणून निघून जायचे. विलासभाऊ त्यांना फाटकापर्यंत सोडायला जायचे आणि बराच वेळ आत यायचे नाहीत.

आमची शेवटची भेट शनिवारची. शाळा अर्धी होती, मी थेट तिच्याकडे गेले. विलासभाऊ औषधं आणायला बाहेर पडले. ते गेल्याबरोबर वैजूने माझा पदर डाव्या हाताने धरला, जवळ ओढलं आणि पाळणा सुरू केला. पण या वेळी हळू, अगदी कानाशी, जसं कुणी खाजगीतलं सांगावं तसं. मी विचारलं, “पाणी?” मानेनेच नाही. “उशी? मुलीला फोन लावू? शाळेतलं काही? भाऊंविषयी काही?” शेवटच्या प्रश्नाला ती थांबली. मला वाटलं, सापडलं. “भाऊंना काही सांगू?” तिचे डोळे भरून आले, मान हलली, पण ती हो म्हणाली की नाही, ते मला आजही सांगता येणार नाही. आणि पुन्हा तेच, गुडघ्यात तेल घालू का... मला दुसरं काही सुचेना, म्हणून मीही तिच्याबरोबर म्हणू लागले. एक ओळ झाली असेल. तिने तळहात माझ्या तोंडावर ठेवला. जोरात नाही. गप्प बस, असा. मग भिंतीकडे तोंड फिरवलं.

सोमवारी दुसरा झटका आला आणि मंगळवारी सकाळी ती गेली.

दिवसकार्य झाल्यावर विलासभाऊंनी मला बोलावून घेतलं. कपाटावरून त्यांनी एक पाटी काढली, मुलांची असते तशी, लाकडी चौकटीची. म्हणाले, “तुम्ही येऊन गेलात त्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी, हिने खुणेने मागून घेतली. डाव्या हाताने लिहीत बसली होती. मी विचारलं तर उलटी करून ठेवली. मला एकही अक्षर लागत नाही. पण बाई, तुम्ही तीस वर्षं पहिलीला शिकवताय. पोरांचं कसलंही अक्षर तुम्हाला लागतं, ती नेहमी सांगायची.”

मी पाटी उजेडात धरली. एक उभी रेघ, तिला चिकटलेला अर्धा गोल, पुढे काहीतरी वाकडं, तिरकं, एकात एक गेलेलं. बहुधा तीन अक्षरं. एक काना नक्की होता. मी पाटी तिरपी करून पाहिली, चष्मा काढून पाहिलं, तिच्यासारखा डावा हात हवेत फिरवून पाहिला. विलासभाऊ उभेच होते. एखादं नाव सांगून टाकावं, त्यांचंच सांगावं, असं मनात आलं... ओठांपर्यंत आलं. पण तिच्या तोंडी आणखी एक भलतंच घालायचं धाडस मला झालं नाही.

“नाही लागत, भाऊ.”

त्यांनी मान हलवली. “मग तुमच्याकडेच ठेवा. माझ्या हातून पुसली जाईल.”

इकोत पाटी मी मांडीवर उभी धरून आणली. शेजारच्या बाईंना म्हटलं, “जरा सरकून बसा, पदर लागेल.” आता ती माझ्या खिडकीत आहे. रोज शाळेत निघण्यापूर्वी मी तिच्यापुढे उभी राहते. पहिलं अक्षर काल मला ‘भ’ वाटलं होतं. आज ‘म’ वाटतंय.