माझेच माग मला कळू नयेत म्हणून

समितीचा कागद कन्नडमध्ये होता. मला कन्नड वाचता येतं, पण ते बसच्या पाट्या आणि दवाखान्याचे फलक वाचून शिकलेलं, त्यामुळं वेळ लागतो. बाकीचे सगळे सह्या करून चहाकडं वळले, तरी मी दुसऱ्याच ओळीवर. त्या ओळीत लिहिलं होतं की या कामात माझा किंवा माझ्या घरच्या कुणाचाही काही संबंध नाही. मी पेन खाली ठेवलं.

"साहेब, माझा संबंध हाय," म्हटलं.

आता समिती कसली ते आधी सांगते. अंगणवाडीच्या बायकांना सरकारकडून साड्या मिळतात. त्या कुणाच्या मागांवर विणायच्या हे ठरवायला सात-आठ जण नेमले होते. विणकराच्या घरातली एक बाई हवी, म्हणून तीन वर्षांसाठी माझं नाव घातलेलं. आणि बेळगावच्या वडगावात आमचे सहा पॉवरलूम. आमचे हे गेल्यापासून ते माझ्या नावावर, चालवतो लेक. विणतो साड्याच. म्हणजे काम देणाऱ्या हातांतला एक हात माझा, आणि घ्यायला पुढं येणारा हातही माझाच.

समितीचे सरकारी साहेब तसे वाईट नव्हते. म्हणाले, "अम्मा, हा नुसता फॉर्म आहे. सगळेच करतात."

माझ्या शेजारी आप्पा बसलेले. ते समितीतले दुसरे विणकर. त्यांना हसू आवरेना. "आक्का, माझे माग मेव्हण्याच्या नावावर हायत. तुम्ही लेकाच्या नावावर करा, झालं. चहा गार व्हायलाय."

"मेव्हणा वेगळा राहतोय व्हय?"

"वेगळा कशाला राहील? वरच्या मजल्यावर हाय."

टेबलाभोवती सगळेच हसले. मला नाही हसू आलं. आमच्या गल्लीतल्या अंगणवाडीच्या बाईला त्याआधी मिळालेली साडी मी बघितली होती. पहिल्याच धुण्यात बादली गुलाबी झाली आणि साडी भाताच्या पेजेसारखी पांढरट. दुसऱ्या धुण्यात ती काठाजवळ उसवली. ती बिचारी त्याच साडीत पोरांना पोषक आहार वाढायची, पदर पुढून ओढून ओढून. ती साडी कुणीतरी पसंत केली होती ना? कुणीतरी हात लावून 'बरी आहे' म्हटलंच असेल की.

घरी आल्यावर लेकाला सांगितलं. तोही आप्पांचंच बोलला.

"आई, माझ्या नावावर कर. प्रश्न मिटला."

"अन् तू जेवणार कुठं?"

"म्हणजे?"

"तुझं ताट माझ्याच चुलीपुढं ना? तुला काम मिळालं की तुझं तोंड फुलणार, न्हाय मिळालं की सुकणार. मला डोळे न्हायत व्हय रं?"

"मग समिती सोड."

"का सोडू? आजवर तिथं साडी नेसणारं एक माणूस बसलं नव्हतं. आता बसलंय तर उठू?"

तो ताटावरून उठला. मी उठले नाही. दोन भाकऱ्या जास्तच खाल्ल्या त्या दिवशी, रागानं.

पेपर वाचायची मला जुनी सवय. सुताच्या रिळांना गुंडाळून येणारे पेपर वाचतच मी अक्षर शिकले. शाळा तिसरीत सुटली होती. त्याच वाचण्यात कधीतरी आलं होतं की काही देशांत मंत्री झालेला माणूस आपली मालमत्ता तिऱ्हाइताच्या हातात देतो. तो तिऱ्हाईत ती विकतो, नवी घेतो, काय वाटेल ते करतो, पण मालकाला सांगत नाही. मालकाला ठाऊकच नसलं की आपलं काय कुठं आहे, तर तो स्वतःचं भलं करणार कसं? त्याला ब्लाइंड ट्रस्ट म्हणतात. मी बेळगावात एका वकिलाला विचारलं. ते म्हणाले, "आपल्याकडं असं करा म्हणून कुणी सांगत नाही, आजी. पण खासगी ट्रस्ट करता येतो. फक्त इतके कष्ट घेतंय कोण?"

"मी घेत्ये," म्हटलं.

आता तिऱ्हाईत शोधायचा. पाव्हणे नकोत, गल्लीतला नको, विणकर तर नकोच. मला आठवल्या आमच्या माडीवर पूर्वी भाड्यानं राहणाऱ्या बाई. कन्नड शाळेत मुख्याध्यापिका होत्या, आता निवृत्त होऊन संकेश्वरला असतात. पाच वर्षं राहिल्या, पण संक्रांतीच्या तिळगुळाखेरीज आमच्याकडून काही घेतलं नाही. एकदा मी खणाचा तुकडा पुढं केला तर "ब्याडरी, ब्याडरी" म्हणत हातच मागं घेतला. सख्ख्या भाच्याला त्यांनी सातवीत नापास केलं होतं. बहीण वर्षभर बोलली नाही, तरी बाईंनी गुण बदलले नाहीत.

मी संकेश्वरची बस धरली. सगळं सांगितलं. बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"मला मागातलं काही कळत नाही."

"कळणारा माणूस ठेवा. पण कुणाला ठेवलं ते मला सांगू नका."

"नुकसान झालं तर?"

"तेही सांगू नका."

"तुमचा मुलगा?"

त्याचा विचार मी केलाच नव्हता. बाई म्हणाल्या, "मी घेतलं तर तो त्या मागांवर नसेल. बघा, विचार करा."

विचार बसमध्ये केला. संकेश्वर ते बेळगाव, सगळा रस्ता. आणि घरात पाय ठेवता ठेवता लेकाला सांगून टाकलं, नाहीतर जीभ मागं फिरली असती. तो माग दुरुस्तीत पटाईत. आमच्यात त्याला जॉबर म्हणतात. चार शेडवाले त्याला बोलवायचे. काम मिळणार होतंच. पण म्हणाला काय, "आपले सहा सोडून लोकांचे माग दुरुस्त करत फिरू? बाबांनी लावलेले माग परक्या बाईला द्यायचे? आणि तेही कन्नड बाईला? आपली माणसं मेली व्हय?"

"आपली हायत म्हणूनच नकोत."

तो पंधरा दिवस माझ्याशी बोलला नाही. सुनेच्या तोंडून निरोप: "आईला सांग, मी भाकरी बांधून न्यायलोय."

ट्रस्टचा कागद झाला, आणि समितीच्या फॉर्मवर तेच लिहून मी सही केली. गल्लीत बातमी फिरायला किती वेळ लागतो! नळावर एक जण म्हणाली, "काय गं, आंधळी झालीस म्हणं?" मी म्हटलं, "व्हय, आता तू मला हात धरून घरी सोड." दुसरी म्हणाली, म्हातारपणी चळ लागलाय. लागू दे. तरुणपणी सवड नव्हती.

पण शहाणपणाच्या तोऱ्यात एक चूक केली मी, आणि तशी चूक विणकराच्या घरातलीच बाई करू शकते.

आमचं स्वयंपाकघर आणि शेड यांच्यामध्ये एकच भिंत. कागदावर लिहिलं होतं की मी शेडमध्ये जायचं नाही, हिशेब मागायचा नाही, कामगारांशी त्याबद्दल बोलायचं नाही. सगळं पाळलं. मागच्या दारानं जायचंही सोडलं. आणि एका सकाळी कणीक मळता मळता माझा हात थांबला. भिंतीपलीकडं चार माग चालू होते, दोन बंद. चौथ्याचा आवाज जड झालेला. जाड सूत घातलं की माग ठासून ठोकतो, पातळ सुताला हलका वाजतो. चाळीस वर्षं त्या आवाजात पोरं निजवली मी. मधेच ठेका बदलायचा, रुंद काठाचा. जाड सूत, रुंद काठ. अंगणवाडीच्या साडीचा नमुना समितीनं असाच तर मागवला होता!

म्हणजे माझ्या मागांनी अर्ज केला होता. बाईंनी एक अक्षर सांगितलं नव्हतं. लेकालाही ठाऊक नव्हतं. मला भिंतीनं सांगितलं.

मी कणीक तशीच झाकून ठेवली. सून म्हणाली, "कानात कापूस घाला, आई." ती थट्टेनं म्हणाली, पण मी खरंच घालून बघितला. आवाज कानानंच थोडाच ऐकू येतो? पाटावर बसलं की पाटातून येतो.

पुढच्या बैठकीत नमुने बघायच्या आधीच मी उभी राहिले. "साहेब, माझे माग यात हायत. मला कळलंय. यंदाच्या निवडीला मी बाहेर बसत्ये."

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"ऐकलं. भिंतीतून."

आप्पा तर टेबलावर थाप मारून हसले. "आक्का, भिंतीला कान असतात ऐकलंय, तोंड कधी फुटलं?"

साहेब म्हणाले, "अम्मा, कागदावर तुम्हाला काही माहीत नाही. मग तुम्हाला माहीत नाही. बसा."

"कागदाला ऐकू येत न्हाय, साहेब. मला येतंय. लिहून घ्या."

ते लिहीनात. नसती उठाठेव वाटली असेल त्यांना, वर कुणी विचारलं तर उत्तर काय द्यायचं. मी पेन धरून उभीच. पाय दुखायला लागले, तरी उभी. शेवटी कारकुनानं लिहिलं, मी वाचलं, एक शब्द चुकला होता तो बदलायला लावला, आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन बसले. आत काय ठरलं ते विचारलं नाही. आमच्या मागांना काम मिळालं नाही, हे नंतर परत भिंतीनंच सांगितलं: तो जड ठेका बंद झाला.

तेव्हा बाईंना फोन केला. "माझं चुकलं. डोळ्यांचा बंदोबस्त केला, कानांचा राहिला. ते माग माझ्या घरापासून हलवा. न्हायतर विका."

"विकू?" बाईंनी दोनदा विचारलं. मग म्हणाल्या, "ठीक. यापुढं विचारू नका."

लॉरी आली त्या दिवशी मी भावाकडं खानापूरला जाऊन बसले. कुठल्या पासिंगची गाडी, कुणाची माणसं, काही बघायचं नव्हतं. भावाच्या बायकोनं पुरणपोळी केली होती. गिळवेना. तिला वाटलं पुरण बिघडलं. मी रडले तिथं, खोटं कशाला सांगू. माझ्या नवऱ्यानं तो पहिला माग दुसऱ्याच्या शेडमध्ये राबून घेतला होता. पण परतताना बसमध्ये रडले नाही. बसमध्ये मी स्वतःलाच बजावत होते: माग माझे होते म्हणून मला देता आले. दुसऱ्याचे दिले असते तर त्यात काय मोठेपणा?

भिंत गप्प झाली. पहिले आठ दिवस मला झोपेतून दचकून जाग यायची, घड्याळ थांबल्यावर येते तशी.

दसऱ्याआधी खंडेनवमी आली. विणकराच्या घरी त्या दिवशी मागाची पूजा. माग धुवायचा, हळदकुंकू, झेंडूची माळ, नारळ. गल्लीतल्या सगळ्या शेड सजल्या. आमच्या रिकाम्या शेडमध्ये फक्त जमिनीवर तेलाचे सहा डाग. माझ्या नावावर आता माग आहेत की जमीन की बँकेतला कागद, मला ठाऊक नाही. पूजा कशाची करायची? मी ताट घेऊन उंबऱ्यातच उभी राहिले.

लेक आतून आला. हातात त्याची पिशवी. शेडच्या मधोमध पोतं अंथरलं, त्यावर पाने, हातोडी, पक्कड, पेचकस नीट ओळीनं मांडले. जॉबरची हत्यारं. ही कुणाच्या नावावर नाहीत, त्याचीच आहेत. म्हणाला, "उभी काय राहिलीस? लाव की हळदकुंकू." मी लावलं. पुढं तो म्हणाला, "चार शेडवाले म्हणतात, तुझ्या आईला वेड लागलंय. मी म्हटलं, लागलंय खरं. पण पाचव्या शेडवाल्यानं मला किल्लीच दिली शेडची. म्हणाला, त्या बाईच्या पोराला कशाला मोजून द्यायचं सामान." एवढं बोलून तो नारळ फोडायला वाकला.

परवा यंदाची बैठक झाली. यावेळी मी आत बसले. नमुने टेबलावर, प्रत्येकाला नुसता नंबर. नावांची यादी साहेबांच्या कपाटात. मी एकेक नमुना अंगठ्यावर ताणला, उजेडाला धरला, कारकुनाकडून पाण्याचा तांब्या मागवून कोपरा भिजवला आणि माझ्या पांढऱ्या रुमालावर घासला. तीन नंबरनं रुमाल गुलाबी केला. तो रुमाल मी टेबलाच्या मधोमध पसरला.

"तीन नको. सात नंबर घ्या."

आप्पांचं हसणं यावेळी उशिरा आलं. "आक्का, सात तुमचाच असला तर?"

"असंल. न्हायतर नसंल. मला ठाऊक न्हाय, आणि ठाऊक नसायला मी काय काय घालवलंय ते सगळ्या वडगावाला ठाऊक हाय. आता तुम्ही सांगा आप्पा, तीन नंबर कुणाचा?"

"मला काय ठाऊक!"

"मग एवढा घाम कशाला आलाय?"

साहेबांनी पहिल्यांदाच मान खाली घालून हसू लपवलं. आप्पा म्हणाले, एका रुमालावरून काय ठरतं, पाणी खारं असेल. मी म्हटलं, दुसरं पाणी आणा, दुसरा रुमाल आणा, पाहिजे तर तुमचा द्या. त्यांनी खिशाकडं हात नेला नाही. शिपाई दुसऱ्या नळाचं पाणी आणायला गेला, आणि तो येईपर्यंत त्या खोलीत कुणी चहाला हात लावला नाही.